कंपनीची चिलीम

नळी तोंडाला लावली की माणसं फुंकत होती. मी घसा फोडून सांगत होतो, फुंकायचं नाही, ओढायचं, श्वासाबरोबर आत घ्यायचं. सगळे माना डोलवायचे आणि नळी हातात आली की गाल फुगवून माझ्याच अंगावर फुंकायचे. दुपारपर्यंत माझा शर्ट, मिशा, भुवया सगळं नळीतल्या पावडरीनं पांढरं झालं होतं. सरावाच्या कॅप्सूल वेगळ्या आणल्या होत्या म्हणून बरं. नाहीतर ठाण्याच्या प्रयोगशाळेतली माझी चार वर्षांची मेहनत सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका तांड्यावर माझ्याच मिशांत जाऊन बसली असती.

चूक त्यांची नव्हती. घरात नळी एकच असते, चुलीजवळची फुंकणी, आणि ती ओढायची नसते हे लेकरांनासुद्धा ठाऊक असतं. आमच्या मोठ्या साहेबांच्या घरी गॅसची शेगडी होती, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे येणं शक्य नव्हतं. माझ्या आईच्या घरी फुंकणी होती, ती फुंकतच मी मोठा झालो, आणि तरी माझ्याही डोक्यात आलं नाही. शिकल्यावर माणसाचं असं होतं.

शेवटी पारुबाई उठली. तांड्यातली ही सगळ्यात जुनी बाई. तोंडात चार दात आणि हातात कायम चिलीम. तिनं माझ्याकडून नळी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि लोकांना त्यांच्या बोलीत दोन शब्द सांगितले. मग नळी ओठांत धरून असा झुरका मारला की आतली कॅप्सूल भिंगरीसारखी फिरली आणि एक कण बाहेर सांडला नाही. मी विचारलं, याडी, काय सांगितलंस त्यांना? याडी म्हणजे आई, तांड्यात म्हाताऱ्या बाईला तसंच म्हणतात.

"चिलीम हाय म्हून सांगितलं," पारुबाई म्हणाली. "तुला एवढं सांगता येईना व्हय?"

पंधरा मिनिटांत अख्खा तांडा शिकला. त्या दिवसापासून माझ्या नळीचं नाव कंपनीची चिलीम पडलं. ठाण्याला पाठवायच्या अहवालात मी 'वापरण्याची पद्धत स्थानिक उदाहरणाने समजावून दिली' असं लिहिलं.

मी सोनाजी. गाव हट्टा, शिक्षण औरंगाबादला बी.एस्सी., नोकरी ठाण्याच्या एका औषध कंपनीत. ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीची. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणीचे. कंपनीत मी फ्लूच्या औषधावर काम करत होतो. फ्लू शिरतो श्वासातून आणि ठाण मांडतो श्वासनळीत, मग औषध पोटातून कशाला फिरवून आणायचं, सरळ तिथंच नेऊन टाकू, ही कल्पना मोठ्या साहेबांची. औषध त्यांनी शोधलं. त्याची पावडर मी केली. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पावडर जाड राहिली तर घशातच चिकटते, फार बारीक झाली तर आत गेल्या वाटेनं परत बाहेर येते. नेमकी मधली जाडी सापडायला मला चार वर्षं लागली. उंदरांवर ती उत्तम चालली. उंदरांच्या घरी फुंकणी नसते.

या उठाठेवीत मी का पडलो तेही सांगून टाकतो. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, फ्लूची मोठी साथ आली. मी पाच वर्षांचा होतो आणि माझी बहीण चांगुणा तीनची. एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा गावात यायचा. त्यानं गावाला पुड्या दिल्या आणि आमच्या वस्तीला बाटल्या. बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली, आत गुलाबी औषध. मी चोरून चाटलं होतं, गोड लागलं. चांगुणा पाचव्या दिवशी गेली. मी कॉलेजात असताना त्या डॉक्टरचा कंपाउंडर म्हातारा होऊन माझ्या आईला भेटायला आला. पुड्या कमी होत्या, म्हणून तुमच्या वस्तीला रंग आणि साखर घातलेलं पाणी दिलं होतं, असं सांगून गेला. सांगून मन हलकं होईल असं त्याला वाटलं असावं. त्याचं झालंही असेल. माझं त्या दिवशी जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

पुड्यांनी तरी चांगुणा वाचली असती का, कोण जाणे. पण फ्लूवर खरं औषध निघावं आणि ते हट्ट्याच्या बाजारात कुणालाही मिळावं, एवढी एकच गोष्ट मला या जगात हवी होती. पावडर आता तयार होती. दिल्लीहून परवाना मिळाला की ती बाजारात येणार होती, आणि परवान्यासाठी ती माणसांवर चालते हे दाखवायचं होतं. त्या हिवाळ्यात तरुण पोरांमध्ये फ्लू पसरत असल्याच्या बातम्या येत होत्या. एका जागी राहणारी, आमचं ऐकणारी वस्ती हवी असं साहेब म्हणाले आणि मी आमच्याकडचा तांडा सुचवला. कालव्याखाली शेती असल्यानं इथली माणसं हिवाळ्यात बाहेर जात नसत.

तांड्यावर चोवीस घरं. बारा घरांना लाल झाकणाचा डबा द्यायचा, बारांना निळ्या झाकणाचा. एका रंगाच्या डब्यात औषध, दुसऱ्यात नुसती दुधाची साखर. कॅप्सूल दिसायला अगदी एकसारख्या. कुठल्या रंगात काय आहे ते घेणाऱ्याला कळता कामा नये आणि देणाऱ्यालाही, म्हणून ते एका लाखबंद पाकिटात लिहून ठाण्याच्या तिजोरीत ठेवलेलं. कुठल्या घराला कुठला रंग हेही साहेबांनी टेबलावर चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. औषधवाले लवकर बरे झाले आणि साखरवाले नेहमीसारखे आठवडाभर तापले, की औषध खरं. पद्धत चोख होती, आजही जगभर हीच वापरतात.

मी साहेबांना विचारलं, लोकांना काय सांगायचं? ते म्हणाले, दोन्ही औषधंच आहेत म्हणायचं, कुठलं जास्त चांगलं ते बघतोय. मी म्हणालो, हे खोटं आहे. ते म्हणाले, हे सोपं करून सांगणं आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. इथं मला ते गुलाबी पाणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. तो डॉक्टर लबाडी करत होता आणि आपण शास्त्र करतोय, एवढा फरक मला पुरेसा वाटला.

तांड्याचा कारभार देवला नाईकाच्या हातात. साठीचा माणूस, मोजकं बोलायचा. डबे वाटताना त्यानं मला एकच प्रश्न विचारला, दोन रंग काहून? मी शिकवलेलं उत्तर दिलं. त्यानं लाल झाकणाकडं पाहिलं, निळ्याकडं पाहिलं, "बराबर" म्हणाला आणि इंग्रजीत छापलेल्या कागदावर अंगठा उठवला. त्याच्या स्वतःच्या घरी निळा डबा गेला. मी दोन महिने तुमच्यातच राहणार आहे असं सगळ्यांना सांगितलं आणि अंथरूण, थर्मामीटर वगैरे आणायला औंढ्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तर नाईकाच्या घराशेजारचं एक खोपट माझ्यासाठी सारवून ठेवलेलं होतं.

पहिल्याच तपासणीला माझं डोकं तापलं. प्रत्येक डब्यात पंचवीस कॅप्सूल असायला हव्या होत्या. रोज दोन याप्रमाणे पाच दिवसांच्या, दोन आजाऱ्यांच्या दहा-दहा आणि सांडलवंडीला पाच. मोजल्या तर चोवीस. दुसऱ्या घरात चोवीस. तिसऱ्या घरात चोवीस. चोवीसच्या चोवीस घरांत एक-एक कमी. पॅकिंग विभागात पद्माबाई म्हणून एक बाई डबे भरायच्या. त्यांना मी तिथल्या तिथं पत्र लिहिलं की तुम्हाला पंचविसापर्यंत मोजता येत नसेल तर तसं कळवा, मी इथून पाढे पाठवतो. उलट टपाली कार्ड आलं. 'आम्ही तीनदा मोजून भरतो. आपले डोळे तपासावेत.' मी ते कार्ड रागानं फाडलं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. प्रत्येक डब्यात निम्म्या कॅप्सूल सुट्या असत आणि निम्म्या एका चिंधीत गाठ मारून ठेवलेल्या. दमटपणा लागू नये म्हणून असणार, असं मी ठरवलं आणि अहवालात लिहिलं, 'लोक औषध अत्यंत काळजीपूर्वक हाताळतात.' माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मूर्ख वाक्य, आणि त्याला स्पर्धा पुष्कळ आहे.

फेब्रुवारीत औंढ्याच्या बाजारातून साथ आली. तिची एक तऱ्हा होती. ती पोरांना आणि तरण्याताठ्यांना धरायची आणि म्हाताऱ्यांना सोडून द्यायची. म्हाताऱ्यांच्या शरीरानं हा विषाणू पूर्वी कधीतरी पाहिलेला होता, हे शास्त्र आम्हाला पुढं कळलं. त्या वेळी मात्र म्हातारे ते सगळं आपल्या काळच्या ज्वारीचं आणि तुपाचं कर्तृत्व समजून छाती काढून फिरत होते. नाईकाची सून मिराबाई, तिचा दहा वर्षांचा थावरा पहिल्या दिवशीच एकशेचार तापानं फणफणला. मग घराघरांत अंथरुणं पडली. मी थर्मामीटर घेऊन सकाळ-संध्याकाळ फिरत होतो. दोन्ही वेळची कॅप्सूल घेतली का, विचारायचो. घेतली म्हणायचे. ते खोटं बोलत नव्हते. मी जे विचारायला हवं होतं ते विचारत नव्हतो.

साथीच्या चौथ्या दिवशी मीही आडवा झालो. मला डबा नव्हता. तपासणाऱ्यानं औषध घ्यायचं नाही असा नियम होता आणि तो कागद भरताना मीच टाईप केला होता. पुढचं धड आठवत नाही. पारुबाई माझं डोकं मांडीवर घेऊन मला तिची चिलीम ओढायला लावतेय, असलं काहीतरी दिसायचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी तिला म्हणालो, तापात तू मला तंबाखू पाजताना दिसलीस. ती नुसती हसली.

तीन दिवसांत ताप उतरलेला मी एकटाच नव्हतो. थावरा चौथ्या दिवशी बकऱ्यांमागं पळत होता. सगळ्या तांड्यात कुणाचा ताप साडेतीन दिवसांच्या वर गेला नाही. कोसभरावरच्या गावात याच साथीत माणसं सहा-सात दिवस तापत होती, शाळा बंद होती, एक तरणी बाई न्युमोनियानं गेली. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. मग एका दुपारी खोपटात बसून मी लाल घरं एका बाजूला आणि निळी घरं दुसऱ्या बाजूला मांडली. लाल घरं तीन दिवसांत बरी. निळी घरंही तीन दिवसांत बरी. सगळेच बरे होतात याचा अर्थ औषधानं कुणीच बरं होत नाही, असा शास्त्रात होतो.

मार्चमध्ये साहेब अँबॅसिडर घेऊन औंढ्याच्या विश्रामगृहावर आले. त्यांनी लाख फोडली. लाल म्हणजे औषध, निळं म्हणजे साखर. मी माझा तक्ता पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मी शेजारच्या गावाचं सांगितलं. ते म्हणाले, ते गाव वेगळं, माणसं वेगळी, त्यानं काही सिद्ध होत नाही. तुझी पावडर आणि साखर यांत फरक नाही, सोनाजी. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला आणि मला आधी दिला. मेलेल्या माणसाच्या घरी देतात तसा.

मी तडक तांड्यावर गेलो, डबे गोळा करायला. खरं सांगायचं तर कुणावर तरी राग काढायला. पहिलं घर नाईकाचं. मिराबाईनं निळा डबा आणून दिला. मी झाकण उघडलं, आत सुट्या कॅप्सूल उरलेल्या आणि तीच ती गाठ मारलेली चिंधी. मी चिडून विचारलं की ही गाठ कशाला? तिनं सहज सांगितलं. गाठीतलं सकाळी घ्यायचं, सुटं संध्याकाळी. गाठीतलं लाल डब्याचं, सुटं निळ्या डब्याचं.

मी डबा घेऊन तिथंच खाली बसलो. थोड्या वेळानं नाईक येऊन समोर बसला. त्यानं जे सांगितलं त्यात लपवण्यासारखं त्याला काहीच वाटत नव्हतं. तांड्यावर बकरा पडला तरी मांसाचे घरटी सारखे ढीग होतात. कलेजी एकाला आणि नुसती हाडं दुसऱ्याला असं चालत नाही, प्रत्येक ढिगात सगळ्यातलं थोडं थोडं पडतं. वाटणारा आपला ढीग सगळ्यांच्या शेवटी उचलतो. मी औंढ्याला गेलो त्याच संध्याकाळी त्यानं सगळे डबे मागवून घेतले, लालमधलं एका घोंगडीवर ओतलं, निळ्यामधलं दुसरीवर, आणि बराबर वाटे केले. एक दवा कडक असेल, एक नरम असेल, मग एका लेकराला कडक आणि एकाला नरम काहून?

म्हणजे प्रत्येकानं रोज एक औषध आणि एक साखर घेतली होती. अर्ध्या मात्रेवर अख्खा तांडा तीन दिवसांत उठून बसला होता. माझी पावडर नुसती खरी नव्हती, माझ्या अंदाजाच्या दुप्पट खरी होती, आणि ते सिद्ध करण्याचा एकमेव रस्ता या माणसानं घोंगडीवर ओतून टाकला होता. मी तोंडाला येईल ते बोललो. चार वर्षं म्हणालो, दिल्ली म्हणालो, परवाना म्हणालो. आणि त्या भरात बोलून गेलो की निळ्यात दवा नव्हतीच, नुसती साखर होती.

मिराबाई थावऱ्याला जवळ ओढून उभी होती.

"कोन्या लेकराला साखर द्यायची, ते कोन ठरवलं?" नाईकानं विचारलं.

"कुणी नाही. चिठ्ठ्या टाकल्या."

"चिठ्ठ्या बराबर. कुटं टाकल्या?"

"ठाण्याला. साहेबांच्या टेबलावर."

"तवा आमी कुटं हुतो?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "आदी सांगायला लागतं, सोनाजी. साखरंचा वाटा हाय म्हून सांगितलं असतं, तर तो माझ्या घरानं उचलला असता. वाटनाऱ्याला शेवटचाच घ्यावा लागते. पर आदी सांगायला लागतं."

थावऱ्याच्या घरी निळा डबा होता. माझ्या चोख पद्धतीनं सगळं झालं असतं तर एकशेचार तापात त्या पोराच्या तोंडात मी रोज दोनदा साखर जाऊ दिली असती, वर घेतली का म्हणून विचारलं असतं आणि वहीत बरोबरची खूण केली असती. गुलाबी बाटलीची गोड चव माझ्या जिभेवर आली. इतकी खरी आली की मी थुंकलो. त्या कंपाउंडरला मी इतकी वर्षं मनातल्या मनात जोड्यानं मारत होतो. त्याच्याकडं पुड्या तरी कमी होत्या. माझ्याकडं औषध पुरेसं होतं, आणि तरी मी निम्म्या तांड्याला साखर वाटायला निघालो होतो. त्यानं निदान येऊन सांगितलं होतं.

मी उठायला लागलो तेव्हा कॅप्सूलचा विषय काढायची माझीच हौस. म्हणालो, आणि वर प्रत्येक डब्यात एक कमी होती, तीही तुम्हीच सांडली असणार. नाईकानं पारुबाईकडं पाहिलं. ती दाराशी बसून चिलीम भरत होती. ती उठून माझ्या खोपटात गेली आणि छपराखालच्या खाचेतून एक चिंधी घेऊन आली. चिंधीत दोन गाठी. तिनं त्या माझ्या हातात ठेवल्या.

"न्हाई सांडली," ती म्हणाली. "घरं चोवीस, वाटे पंचवीस. जो तांड्यात राहनार, त्याचा वाटा असतेच. तुझाच वाटा तुला तापात ओढाया दिला. तू म्हनला तंबाखू हाय, मी म्हनलं असू दे."

प्रत्येक डब्यातली एक. चोवीस घरांनी एक-एक काढून माझा ढीग केला होता. बारा लाल, बारा निळ्या, कुणापेक्षा कमी नाही आणि जास्त नाही. मी त्यांची लेकरं चिठ्ठ्यांवर वाटली त्याच दिवशी त्यांनी मला वाटणीत धरलं होतं. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही. पारुबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग मला चिलीम पुढं केली. खरी, तंबाखूची. मी झुरका मारला आणि खोकून खोकून अर्धा झालो. तिथं बसलेले सगळे हसले.

रात्र व्हायच्या आत विश्रामगृहावर पोचून मी साहेबांना सगळं सांगितलं. ते उभेच राहिले. अर्ध्या मात्रेवर तीन दिवस, असं दोनदा म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सुचवलं. शेजारच्या गावात माणसं किती दिवस तापली त्याचे आकडे तुझ्याकडं आहेत. निळ्या डब्यांच्या रकान्यात ते लिहायचे. लाल तीन दिवस, निळं सहा दिवस. पुढच्या हिवाळ्यात औषध बाजारात.

"औषध खरं आहे ना?" ते म्हणाले. "मग आपण खोटं कुठं बोलतोय?"

मला मोह झाला. झाला नाही असं म्हटलं तर मीच खोटा. हट्ट्याच्या बाजारात माझ्या पावडरीचा डबा मला डोळ्यांसमोर दिसत होता. आणि साहेबांचं चूक नव्हतं, औषध खरंच होतं. पण सहा दिवस तापलेल्या त्या गावातल्या लोकांना, त्या मेलेल्या बाईला, मी आता त्यांच्या नकळत साखरेच्या रकान्यात भरणार होतो. मी म्हणालो, साहेब, त्या गावाला कुणी विचारलेलं नाही. ते म्हणाले, तांड्याला तरी आपण कुठं विचारलं होतं? मी म्हणालो, म्हणूनच.

मी दुसरं सुचवलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करू. साखर कशाला असते ते आधी सांगू, चिठ्ठ्या तांड्यासमोर टाकू. साखरेचा पहिला वाटा उचलायला नाईकाचं घर तयार आहे. साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, संचालक एक हिवाळा थांबले तेच खूप झालं, सोनाजी.

मग मी खरा अहवाल लिहिला. औषध आणि साखर दोन्ही सगळ्या घरांत सारखी वाटली गेली, कारण मी लोकांना खोटं सांगितलं होतं. घरं चोवीस, वाटे पंचवीस. पंचविसाव्याच्या नावापुढं मी माझं नाव लिहिलं, झाकणाचा रंग लाल आणि निळा, ताप उतरला तिसऱ्या दिवशी. साहेबांनी तो वाचला आणि बदल न करता वर पाठवला, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. दोन महिन्यांत काम बंद झालं. पावडर बारीक करायच्या माझ्या यंत्रावर पुढं कंपनीनं घामोळ्यांची पावडर काढली. ती चांगली खपली.

वीसेक वर्षांनी फ्लूवर ओढायची पावडर परदेशात बाजारात आल्याचं मी पेपरात वाचलं. माझी नव्हे, दुसऱ्यांची, दुसऱ्या औषधाची. खाली लिहिलं होतं की म्हाताऱ्या लोकांना ती नीट ओढता येत नाही अशी तक्रार आहे. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पारुबाईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मग बराच वेळ मला पुढची बातमी वाचता आली नाही.

त्या मार्चमध्ये ठाण्याला परत निघण्याआधी मी औंढ्याच्या पोस्टात उभा राहून एक कार्ड मात्र लिहिलं. पद्माबाईंना. 'तुमची मोजणी बरोबर होती. डब्यात पंचवीसच होत्या. प्रत्येकातली एक इथल्या लोकांनी मला दिली, आणि मी न विचारता तुम्हाला बोल लावला. माफी असावी.' त्यांचं उत्तर मी ठाण्याला पोचलो तेव्हा टेबलावर पडलेलं होतं. मला वाटलं होतं, बाई आता तरी दोन शब्द गोड लिहितील. कार्डावर एकच ओळ होती. 'ठीक. पुढच्या वेळी आधी विचारत जा.'